उत्तम भ्रमणध्वनि कोणता?

शाळेंतून निवृत्त होऊन आम्हांस आतां बरींच वर्षें झालीं. परंतु तांबड्या शाईनें गुण देण्याची जी खोड हाताला जडली, ती कांहीं केल्या सुटत नाहीं. घरांत आमटी झाली तरी तिला दहांपैकीं किती द्यावे हें आम्ही मनांतल्या मनांत ठरवितों. आणि एकदां हें मोठ्यानें बोलून गेल्यामुळें सूनबाईंनीं दोन दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलणें ठेविलें होतें. ह्याच खोडीपायीं २०२५ सालच्या वैशाखांत आमच्या हातून एक परीक्षा चुकीच्या रीतीनें घेतली गेली, आणि परीक्षार्थी उत्तीर्ण होऊन परीक्षकच नापास झाला. तो वृत्तान्त वाचकांपुढें ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं; कारण असा प्रसंग आज प्रत्येक घरीं केव्हां ना केव्हां येतोच.

आमचें एकत्र कुटुंब लकडगंजांत राहतें. आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणत असूं, ते २०२१ च्या एप्रिलांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत गेले. त्यांच्या मागें वहिनी आमच्याच घरीं आहेत. वय चौऱ्याहत्तर, दृष्टि बरी, मनगटांत मात्र संधिवात. त्यांच्या जुन्या भ्रमणध्वनीची पाठ फुगून वर आली होती, आणि संध्याकाळपर्यंत त्याला दोनदां विजेस जोडावें लागे. पुण्यास नोकरीवर असलेल्या त्यांच्या मुलास हें कळतांच त्यानें आम्हांस सांगितलें, "काका, अक्षय्य तृतीयेला आईसाठीं सर्वांत उत्तम फोन घ्या. पैशाकडे पाहूं नका. कोणता घ्यावयाचा तें तुम्हीच ठरवा."

'तुम्हीच ठरवा' हे शब्द निवृत्त मास्तराच्या कानीं पडले म्हणजे काय होतें हें निराळें सांगावयास नको. आम्हीं त्याच दिवशीं एक नवी वही काढिली.

ज्या गांवांत टेलिफोन ही चैनीची वस्तु होती त्याच गांवांत आम्ही वाढलों. आमच्या लहानपणीं दूरचें बोलावयाचें म्हणजे शेजारच्या लाकडाच्या टालाच्या गादीवर जाऊन 'ट्रंक कॉल' लावावयाचा, आणि तो लागेपर्यंत सागवानाच्या ओंडक्यावर बसून रहावयाचें. घरीं टेलिफोन घ्यावयाचा तर देशभर वर्षांनुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या असत. हिंदुस्थानांतील पहिलें भ्रमणध्वनीचें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं केलें. पुढें २००७ सालीं ॲपल कंपनीचा आयफोन व २००८ सालीं पहिला अँड्रॉइड फोन बाजारांत आला, आणि बोलण्याचें यंत्र हें पाहण्याचें, लिहिण्याचें, पैसे देण्याचें व जपून ठेवण्याचेंहि यंत्र झालें. ह्यांपैकीं शेवटच्या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष असूं द्यावें. आमचें लक्ष नेमकें तेथेंच नव्हतें.

आमच्या परीक्षेस चार उमेदवार बसले: सॅमसंगचा गॅलक्सी एस २५ अल्ट्रा, ॲपलचा आयफोन १६, गूगलचा पिक्सेल ९ आणि वनप्लस १३. त्या वेळीं बाजारांत ज्यांचें नांव वरच्या श्रेणींत घेतलें जात होतें असे हे चौघे. महाविद्यालयांत शिकणारी आमची नात माहिती सांगत गेली व आम्ही लिहीत गेलों.

सॅमसंगचा अल्ट्रा हा अंगापिंडानें सर्वांत थोर. ६.९ इंचांचा पडदा, २०० मेगापिक्सेलचें मुख्य छायाचित्रयंत्र, दूरची वस्तु जवळ आणणारीं दोन निराळीं भिंगें, आणि पोटांत लिहिण्याची लेखणी. सात वर्षें नव्या प्रणाली पुरविण्याचें कंपनीचें वचन आहे. दोष दोन: वजन २१८ ग्रॅम, आणि बाजारांत आला तेव्हांची किंमत १,२९,९९९ रुपये.

आयफोन १६ चौघांत हलका. वजन १७० ग्रॅम, पडदा ६.१ इंच. चलच्चित्रें घेण्यांत ह्या घराण्याचा हात धरणारा विरळा, आणि जुन्या फोनांस न विसरण्याची त्याची रीत चांगली. २०१८ सालच्या आयफोन एक्सएस ह्या फोनास २०२४ ची नवी प्रणाली मिळाली, हें त्याचें प्रमाण. परंतु दूरचें टिपणारें स्वतंत्र भिंग ह्यांत नाहीं, आणि पडदा सेकंदास ६० वेळां बदलतो, तर इतर तिघांचा १२० वेळांपर्यंत. त्यामुळें अक्षरें सरकवितांना इतरांकडे जो सुळसुळीतपणा दिसतो तो येथें कमी. मूळ किंमत ७९,९०० रुपये.

पिक्सेल ९ हा स्वभावानें साधा. छायाचित्राचें काम भिंगापेक्षां बुद्धीनें करणारा. अंधारांतले व सांवळ्या कांतीचे चेहरे तो नीट उतरवितो असा त्याचा लौकिक. सात वर्षांचें वचन ह्याचेंहि आहे. किंबहुना ही सात वर्षांची चाल २०२३ सालीं पिक्सेल ८ नें पाडली व सॅमसंगनें पुढच्या वर्षीं उचलली. वजन १९८ ग्रॅम, किंमत ७९,९९९ रुपये. दोष हा कीं, वीज भरून घेण्यांत तो मंद.

वनप्लस १३ मात्र त्या कामीं वायुपुत्रच. ६,००० मिलिअँपिअर-तासांचा मोठा विद्युत्साठा, आणि शंभर वॅटनें तो भरून घेण्याची शक्ति; स्नान-संध्या आटोपेपर्यंत दिवसाची बेगमी होते. पाण्याच्या जोरदार माऱ्यास तोंड देण्याची परीक्षाहि तो उतरला आहे. किंमत ६९,९९९ रुपये, म्हणजे चौघांत कमी. परंतु नव्या प्रणालींचें वचन चारच वर्षांचें, आणि वजन दोनशें दहा ग्रॅमांच्या घरांत.

एक दोष मात्र ह्या सर्वच यंत्रांच्या जातीला लागू, आणि नागपूरकरांनीं तो अवश्य ध्यानांत ठेवावा. हे फोन साधारणतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावयाचे म्हणून घडविलेले असतात. ॲपल व सॅमसंग ह्यांनीं तसें स्पष्ट लिहिलेंच आहे. आमच्या गांवचा पारा मे महिन्यांत पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हां उन्हांत पडदा अंधुक होणें, वीज भरणें थांबणें किंवा यंत्र कांहीं वेळ बंद पडणें हा यंत्राचा रोग नसून ऋतूचा प्रताप होय. स्कूटरच्या डिकींत दुपारीं फोन ठेवणें म्हणजे त्यास भट्टींत ठेवणें होय.

असो. आम्हीं छायाचित्र, पडदा, विद्युत्साठा, आयुर्मान व टिकाऊपणा असे पांच विषय ठरविले, प्रत्येकास शंभर गुण. 'पैशाकडे पाहूं नका' अशी आज्ञा असल्यामुळें किंमत हा विषय ठेविला नाहीं. निकाल असा लागला: सॅमसंग अल्ट्रा ४४२, वनप्लस ४२५, आयफोन ४१०, पिक्सेल ४०८. बेरीज दोनदां तपासली, सही केली, आणि पुण्यास कळविलें कीं, निवड झाली.

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. दोन दिवस आधीं वहिनींस यंत्र दाखवून आणावें म्हणून आम्ही, वहिनी व नात असे तिघे निघालों. आमच्या चौकाचें नांवच टेलिफोन एक्स्चेंज चौक. ११ डिसेंबर २०२२ पासून तेथून मेट्रो सीताबर्डीस जाते, आणि तिच्या स्थानकासहि तेंच नांव मिळालें आहे. वहिनी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनीं फोनचा अर्ज केला होता तेव्हां किती खेटे घातले होते, आठवतें?" आम्ही 'हो' म्हणालों; परंतु आमचें लक्ष वहींत होतें.

सीताबर्डीवरच्या एका दुकानांत तरुण विक्रेत्यानें आमचा पहिला क्रमांक मोठ्या आदरानें वहिनींच्या हातीं ठेविला. त्यांनीं तो दोन्ही हातांनीं धरला. क्षणभरानें डावें मनगट खालीं गेलें, आणि त्यांनीं तो काउंटरवर टेकविला. "भाऊजी, फार सुंदर आहे. पण हा धरून मला सुमतीशीं..." असें म्हणून त्यांनीं आपल्या बहिणीचें नांव घेतलें, "अर्धा तास बोलवणार नाहीं." मग त्यांनीं पडद्यास बोट लाविलें, तो हलेना. पुन्हां लाविलें, तरी हलेना. नातीनें खुलासा केला कीं, हा पडदा बोटाच्या दाबानें चालत नसून त्वचेच्या विद्युद्वाहकतेनें चालतो, आणि म्हातारपणीं बोटें कोरडीं पडलीं म्हणजे कोणत्याहि फोनाला स्पर्श नीट कळत नाहीं. पडद्याची संवेदनशीलता वाढविण्याची सोय तिनें चालू करून दिली, तेव्हां काम भागलें. पांच विषयांच्या आमच्या परीक्षेंत मनगट आणि बोट हे दोन विषय नव्हतेच, हें आमच्या तेथें प्रथम ध्यानांत आलें.

निघतांना वहिनींनीं विक्रेत्यास विचारिलें, "ह्यांत ह्यांचा आवाज येईल ना, बाळ?"

तो बिचारा उत्साहानें म्हणाला, "आजी, एकदम मोठा येईल! वर-खालीं दोन स्पीकर आहेत."

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांसहि त्या वेळीं वाटलें कीं, त्या यंत्राच्या आवाजाविषयींच विचारीत आहेत. 'ह्यांचा' म्हणजे कोणाचा, हें ज्या घरांत पन्नास वर्षें काढलीं त्या घरच्या माणसास कळूं नये ह्याची लाज आम्हांस आजहि वाटते.

त्या रात्रीं देवापाशीं दिवा लावून झाल्यावर वहिनींच्या खोलींतून दादांचा आवाज आला. आम्ही दाराशींच थांबलों. इस्पितळांत असतांना, भेटण्याची बंदी होती तेव्हां, दादांनीं व्हॉट्सअॅपवरून वहिनींस आपल्या आवाजांतले निरोप पाठविले होते. एकंदर नऊ. सर्वांत मोठा पाऊण मिनिटाचा. त्यांत तत्त्वज्ञान नाहीं, निरवानिरव नाहीं. "रक्तदाबाची गोळी घेतलीस का?" "विजेचें बिल वरच्या खणांत आहे, मास्तराला भरायला सांग." "मागच्या दाराची कडी ढिली आहे, रात्रीं पाटा लावून ठेव." वहिनी हे निरोप रोज ऐकत होत्या, आणि चार वर्षांत घरांतल्या कोणासहि त्याची वार्ता नव्हती.

आम्हीं नातीस हांक मारिली. तिनें जुना फोन तपासला आणि तिचा चेहरा उतरला. व्हॉट्सअॅपची प्रत दुसरीकडे जपून ठेवण्याची जी सोय असते, ती मुळांतच बंद होती. तो फोन २०२० सालीं आम्हींच लावून दिला होता. 'प्रत केव्हां ठेवावी?' ह्या प्रश्नापुढें 'कधींच नाहीं' हा पर्याय आम्हींच दाबला होता. उगाच जागा अडेल, असा आमचा त्या वेळचा सुज्ञ विचार. म्हणजे ते नऊ निरोप जगांत एकाच ठिकाणीं होते, आणि तें ठिकाण म्हणजे ती फुगलेली पेटी. लिथियमचा विद्युत्साठा जुना झाला कीं त्यांत वायु धरतो. तो फुगला असतां त्यास वीज देणें धोक्याचें, कारण तो पेट घेऊं शकतो. आणि तें यंत्र वहिनी रोज उशाशीं ठेवून विजेस जोडीत होत्या!

फोनांत तेवीस टक्के वीज उरली होती. नात म्हणाली, "आजोबा, आतां चार्जर लावायचा नाहीं. आहे तेवढ्यांत काम करूं." तिनें एकेक निरोप आपल्या फोनास व आमच्या फोनास धाडला आणि टपालपेटींतहि टाकला. नवव्या निरोपाच्या वेळीं अठरा टक्के होते. वहिनी सोप्यावर बसून होत्या. सर्व निरोप तिन्हीं ठिकाणीं वाजवून पाहिल्यावर त्या उठल्या व म्हणाल्या, "भाऊजी, जेवून घ्या. साडेनऊ झाले."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही टालावरून जात होतों. एक गिऱ्हाईक विचारीत होतें, "सगळ्यांत उत्तम लाकूड कोणतें?" टालवाल्यानें भाव न सांगतां उलट विचारिलें, "करायचं काय आहे?" दाराच्या चौकटीस सागवान, बैलगाडीच्या चाकास बाभूळ, खोक्यांस आंब्याचें लाकूड. लकडगंजांत हा प्रश्न दिवसांतून पन्नास वेळां विचारला जातो, आणि तो आम्हीं जन्मभर ऐकला आहे. संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, लक्षणाचे तीन दोष असतात: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. 'ज्याचे आंकडे मोठे तो उत्तम' असें लक्षण आम्हीं केलें होतें. जो वहिनींच्या हाताला पेलत नाहीं त्याला तें लागू पडलें, ही अतिव्याप्ति. जो पेलेल त्याला तें लागू पडलें नाहीं, ही अव्याप्ति. चौथीच्या मुलालाहि ज्या चुकीबद्दल आम्हीं शून्य दिलें असतें ती चूक आमच्या सहीनिशीं वहींत होती.

आम्हीं नवी परीक्षा मांडिली. ह्या खेपेस विषय वहिनींनीं सांगितले. हातांत हलका असावा. 'मागें' जाण्याचें त्रिकोणी बटण खालीं असावें, कारण त्याची संवय झाली आहे. वरच्यावर बदलावा लागूं नये. आणि ह्यांचा आवाज त्यांत यावा.

शेवटच्या विषयाविषयीं वाचकांनीं पुढील गोष्ट नीट समजून घ्यावी. अँड्रॉइड फोनांतून दुसऱ्या अँड्रॉइडमध्यें व्हॉट्सअॅप नेणें सोपें. २०२३ पासून दोन्ही फोन जवळ ठेवून, एकावरील चौकोनी चिन्ह दुसऱ्यानें टिपलें कीं सर्व संभाषण सरकतें. अँड्रॉइडमधून आयफोनमध्यें नेण्याची सोयहि २०२२ पासून आहे. परंतु ती आयफोन कोरा असतांना, प्रथम लावण्याच्या वेळींच करावी लागते. आणि गूगल ड्राइव्हवर ठेविलेली अँड्रॉइडची प्रत आयफोन वाचीत नाहीं. म्हणजे ह्या दोन घराण्यांत रोटीव्यवहार आहे, पण तो मुहूर्त साधूनच करावा लागतो. घाईनें नवा आयफोन लावून, जुना फोन मोडींत देऊन मोकळे झालेल्या माणसास मागाहून हळहळावें लागतें.

वहिनींच्या परीक्षेंत जो पहिला आला तो आमच्या यादींत नव्हताच. तो म्हणजे अल्ट्राचा धाकटा भाऊ, साधा गॅलक्सी एस २५. वजन १६२ ग्रॅम, म्हणजे थोरल्याहून ५६ ग्रॅमांनीं कमी आणि आयफोनाहूनहि हलका. पडदा ६.२ इंच, अक्षर मोठें करून घेतलें कीं पुरेसा. आंतील मेंदू थोरल्याचाच, सात वर्षांचें वचनहि तेंच. लेखणी नाहीं, दोनशें मेगापिक्सेल नाहींत, विद्युत्साठा लहान. परंतु वहिनींस चंद्राचीं छायाचित्रें घ्यावयाचीं नाहींत, आणि त्या घरींच असतात. किंमत थोरल्यापेक्षां सुमारें पन्नास हजारांनीं कमी. अक्षय्य तृतीयेस तो घरीं आला. जुन्या फोनास एका कारागिरानें नवा विद्युत्साठा बसवून दिला, आणि मग सर्व संभाषण त्यांतून ह्यांत आलें.

ह्यावरून प्रत्येकानें हाच घ्यावा असें आम्हीं म्हटलें, तर ती तिसरी चूक होईल. आमच्या नातीस चलच्चित्रें करण्याचा छंद आहे. तिला आयफोन शोभेल. आमचे चिरंजीव कामानिमित्त चार जिल्हे हिंडतात. त्यांच्यासारख्यास वनप्लसचा साठा व वेग मोलाचा. पोराबाळांचे फोटो काढून वर्षांनुवर्षें फोन न बदलणाऱ्या गृहस्थास पिक्सेल बरा. ज्यांस मोठ्या पडद्यावर हातानें टिपणें करावयाचीं असतील त्यांनीं थोरला अल्ट्रा खुशाल घ्यावा. हीं यंत्रें दर वर्षीं नवा अवतार घेतात व किंमती बदलतात. आम्हीं दिलेले आंकडे २०२५ च्या वैशाखांतले आहेत. परंतु टालवाल्याचा प्रश्न बदलत नाहीं.

शेवटीं सुज्ञ वाचकांस एकच विनंति. घरांतल्या वडील माणसाचा फोन बदलावयाचा असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं त्यांच्याजवळ बसून विचारावें कीं, ह्या जुन्यांत असें काय आहे जें गेलेलें तुम्हांस चालणार नाहीं? उत्तर लगेच मिळणार नाहीं. वडील माणसें अशा गोष्टी मागून देत नाहींत. थोडें थांबावें. आणि उत्तर मिळेल तेव्हां त्या वस्तूची प्रत आधीं दोन ठिकाणीं ठेवावी, मग किंमतींकडे वळावें.

वहिनींचा जुना फोन कपाटाच्या वरच्या खणांत आहे, विजेच्या बिलांशेजारीं. परवां मागच्या दाराची कडी आम्हीं बदलून घेतली. चार वर्षें ती तशीच ढिली होती.